जड पाण्यातले पिवळे मासे

आमच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये नळाला जे यायचं त्याला पाणी म्हणणं हा आमचा मोठेपणा होता. बोअरचं पाणी ते. साबणाला फेस नाही, तुरीची डाळ सहा शिट्ट्यांनंतरही टणक, नवी कोरी बादली महिन्याभरात आतून पांढरी. बायकोचे केस गळायचे त्या पाण्याने, आणि माझ्या गळणाऱ्या केसांना निदान एक कारण मिळालं. सोसायटीत गावातला एक प्लंबर यायचा. नळ खोलून आत साचलेला चुना दाखवायचा आणि म्हणायचा, "सायेब, पानी लय जड हाय. लोखंडाला खातंय, तुमाला काय सोडतंय व्हय?" एवढं ऐकवून नवा नळ बसवायचा आणि जायचा.

धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ना, ते आमच्यासाठीच. खडकवासला आमच्यापासून स्कूटरवर वीस मिनिटं. तिथलं गोडं पाणी आम्हाला चुकवून पुढे जायचं, अख्खं पुणं ओलांडून पार विश्रांतवाडीत आईच्या नळाला यायचं, आणि मी दर रविवारी ते सहा कॅनमध्ये भरून सेकंडहँड गाडीतून पुन्हा धायरीला आणायचो. टाय लावून हिंजवडीला जाणारा संगणकवाला आठवड्यातून एक दिवस पाणक्या व्हायचा. तेव्हा त्याचा संताप यायचा. आता त्याच धायरीची आठवण येते आणि जीव कासावीस होतो. इमारतीच्या मागची ज्वारीची शेतं, सिंहगड रस्त्यावर एकामागे एक निघालेले टँकर, आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरणारी आमच्यासारखी माणसं, गळ्यात ओळखपत्रं तशीच अडकवलेली, जणू वाटेत हरवलो तर कुणीतरी घरी आणून सोडावं म्हणून. आज तिथे महापालिकेचं पाणी येतं. ज्वारी मात्र कुणी पाहिलेली नाही.

आई तेव्हा विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. महापालिकेच्या शाळेत तिने तीस वर्षं पोरं शिकवली होती, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही समोरचा प्रत्येक माणूस तिला तिसरीतलाच वाटायचा. मी मागे लागलो होतो, "आई, आता आमच्याकडे ये राहायला." ती म्हणायची, "तिथे येऊन काय करू? लिफ्टने वर-खाली?" तिचा सगळा जीव विश्रांतवाडीत. रविवारची विहारातली वंदना, पांढऱ्या साड्या नेसून येणाऱ्या तिच्या मैत्रिणी, तिच्या हातून शिकून गेलेल्या पोरांची आता शाळेत जाणारी पोरं.

शेवटी गुडघ्याने दगा दिला म्हणून आली. एक बॅग घेऊन. "महिनाभर बघते," म्हणाली. आम्ही कपाटातला एक कप्पा तिच्यासाठी मोकळा करून ठेवला होता, आतून कागद-बिगद लावून. तिने बॅग पलंगाखाली सरकवली. रोजची साडी त्यातून काढायची, धुऊन घडी करून पुन्हा त्यातच ठेवायची. कप्पा रिकामाच. मला त्या वर्षी दुसरं काही नको होतं, फक्त आईने त्या कप्प्यात साड्या ठेवाव्यात एवढंच हवं होतं. तिने आमच्याकडे कायमचं राहावं. आयुष्यभर कष्ट केले, आता गॅलरीत बसून चहा प्यावा आणि मी तो पिताना बघावं. यात माया किती आणि मिजास किती हे आज विचाराल तर मला धड सांगता येणार नाही.

मी आणि बायको दोघंही नोकरीला. बायको टेस्टिंगमध्ये, मी प्रोग्रॅमिंगमध्ये, दोन वेगवेगळ्या कंपन्यांत. सकाळी आठला घर रिकामं व्हायचं ते संध्याकाळी भरायचं. आईला सोबत हवी म्हणून मी हॉलमध्ये तीन फुटी फिशटँक आणला. टीव्ही होता घरात, पण टीव्हीवरच्या सासू-सुना बघून आई म्हणायची, "यांना शाळेत कुणी शिकवलं असेल? बिचारी."

पहिले गोल्डफिश चार दिवसांत गेले. दुसरे आठवड्यात. तिसऱ्यांदा मेले तेव्हा आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. चौथ्यांदा मी रविवार पेठेत, मासे घेतले होते त्या दुकानात गेलो तेव्हा मालक वर्तमानपत्र खाली न करता म्हणाला, "पुन्हा गोल्डफिश? तुम्ही मासे पाळताय की लोणचं घालताय?"

मी म्हटलं, "मासे तुमच्याकडचेच आहेत. खराब असतील."

"मासे उत्तम आहेत. पाणी कुठलं?"

"धायरीचं. बोअरचं."

त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!" आणि मला दुकानाच्या आतल्या अंगाला घेऊन गेला. तिथे एका टँकमध्ये बोटभर लांबीचे पिवळेधमक मासे फिरत होते. नुसते पिवळे, आणि पाठीवरच्या परावर काजळाने ओढल्यासारखी एक काळी रेघ. आफ्रिकेतल्या कुठल्याशा प्रचंड तळ्यातले सिक्लिड. "यांच्या तळ्याचं पाणी तुमच्या बोअरसारखं आहे. जड. सदाशिव पेठेतले लोक माझ्याकडून पाणी जड करायला पावडरी नेतात, टँकमध्ये शिंपले घालतात. तुमच्या नळाला फुकट येतंय आणि तुम्ही त्यात गोल्डफिश उकडताय." सहा मासे त्याने पिशवीत घातले. पावती देताना म्हणाला, "हे मेले तर मात्र येऊ नका."

मेले नाहीत ना! ज्या पाण्याने आमचे नळ गेले, केस गेले, डाळ गेली, त्या पाण्यात ते मासे असे काही खुलले की पाहुणे दारातून आत आल्या आल्या टँकसमोर उभे राहायचे. आईने त्यांचं नाव ठेवलं हळकुंडं. "तुझी हळकुंडं सकाळपासून भांडतायत," असा संध्याकाळी मला रिपोर्ट मिळायचा. एक मोठा नर होता, त्याला ती मॉनिटर म्हणायची. दुपारी ती टँकसमोर खुर्ची टाकून बसायची, आणि तिची नजर चुकवून एकाने दुसऱ्याच्या शेपटीला चावा घेतला तर काचेवर टकटक करून "ए!" म्हणायची. ही बाई रुळतेय, असं मला वाटायला लागलं. महिन्याचे तीन महिने झाले होते. बॅग अजून पलंगाखाली होती, पण मी आशा लावून बसलो होतो.

ऑफिसात मात्र माझं काही खरं नव्हतं. अमेरिकेतली कामं आटली होती आणि मी बेंचवर होतो. म्हणजे रोज वेळेवर जायचं, खुर्चीत बसायचं, आणि आपल्याला काही काम नाही हे कुणाला दिसणार नाही अशा बेताने दिवस काढायचा. दर शुक्रवारी कुणाला तरी केबिनमध्ये बोलावलं जायचं आणि सोमवारी त्याच्या टेबलावर धूळ. घरी मी हे सांगितलं नव्हतं. दिवसभर इंटरनेटवर त्या माशांबद्दल वाचत बसायचो. कर्जाच्या हप्त्यावर घेतलेला फ्लॅट, डोक्यावर टांगलेली नोकरी, आणि मी वाचतोय काय, तर आफ्रिकेतल्या तळ्याच्या तळाशी दगडांची रचना कशी असते! पण खरं सांगतो, त्या दिवसांत माझ्या हातून नीट चाललेली ती एकच गोष्ट होती.

एक दिवस आई म्हणाली, "त्यातल्या एकीला गालगुंड झालंय." तीस वर्षं शाळेत काढल्यावर सुजलेला गाल ती लांबूनही ओळखायची. बघतो तर खरंच, एका मादीचा गळा फुगलेला, तोंड मिटलेलं, आणि दाणे टाकले तरी ती जागची हलेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शोधलं आणि घरी जवळजवळ धावत आलो. "आई, तिच्या तोंडात अंडी आहेत! या जातीची मादी अंडी तोंडात ठेवते. पिल्लं पोहायला लागेपर्यंत. तीन-चार आठवडे."

"आणि खाते काय?"

"काही नाही. तोंड उघडलं तर अंडी बाहेर नाही का पडणार?"

आईने त्या मादीकडे पाहिलं. "तीन आठवडे उपाशी बाळंतीण," ती म्हणाली, "आणि वर तिला हे असलं पाणी." मग माझ्याकडे वळून, "आपण पितो ते दे ना तिला. सहा कॅन आहेत."

"त्यांना हेच पाणी आवडतं, आई."

"हे सगळेच म्हणतात. ज्याला वाईट द्यायचं असतं ना, त्याच्याबद्दल लोक नेहमी हेच म्हणतात. त्यांना सवय असते. त्यांना हेच आवडतं." आणि उठता उठता म्हणाली, "एका घरात दोन पाणी. मला नाही बाबा पटत."

मी हसलो. दमलो होतो, भूक लागली होती, आणि आईला तळ्याचं रसायनशास्त्र कोण समजावत बसणार, असं वाटलं. "गोडं पाणी माणसांसाठी," एवढं म्हणून मी हातपाय धुवायला गेलो. तिथेच बसून तिला दहा मिनिटं नीट सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण पुण्यात शिकलेल्या माणसाला आपल्याला जे कळतं ते दुसऱ्याला सांगायचा मोठा कंटाळा असतो.

त्यानंतर आठवड्याभराने, बुधवारी, आमच्या शेजारच्या दोन टेबलांवरच्या मुलांना एकदमच बोलावलं. शुक्रवारचीही वाट पाहिली नाही. एकाचं लग्न ठरलेलं होतं. तो परत आला, ड्रॉवरमधला डबा काढला, आणि माझ्याकडे बघून उगाचच हसला.

घरी आलो आणि पहिली नजर टँककडे गेली. मासे पिवळे राहिले नव्हते. फिकट, जुन्या कागदासारखे. सगळे तळाशी एका कोपऱ्यात, पर मिटून, भराभर श्वास घेत. मॉनिटर आडवा पडला होता. आणि ती मादी, तिचा गळा बसलेला. वाळूवर चार-पाच नारिंगी अंडी पडलेली, उरलेली बाकीच्यांनी खाल्ली असणार. स्वयंपाकघराच्या दाराशी तीन रिकामे कॅन ओळीने ठेवलेले, नीट, झाकणं लावून.

आई खुर्चीत बसली होती. हात ओले होते. "सकाळी बदललं पाणी," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "आधी बरे होते. मग असं काय करायला लागले? मी आणखी थोडं गोडं पाणी घालू का?" आणि ती उठून तांब्या घेऊन टँककडे निघाली.

मी ओरडलो. आयुष्यात आईवर इतक्या मोठ्याने कधी ओरडलो नव्हतो. "बस कर! तुला काय कळतं त्यातलं? मारलेस ना सगळे! खबरदार आजपासून या पाण्याला हात लावशील तर!"

बायको आतून धावत आली. आई टँकच्या समोर तांब्या घेऊन तशीच उभी होती. मग तिने तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसले, खूप वेळ पुसले, आणि "बरं" म्हणाली. एवढंच. आणि आत गेली.

मी बोअरचं पाणी बादलीत घेतलं आणि मगाने थोडं थोडं करून टँकमध्ये घालत बसलो. एकदम घातलं असतं तर उरलेलेही गेले असते. बायको शेजारी येऊन बसली. ती हळू आवाजात म्हणाली, "आपल्याला पाणी कमी पडू नये म्हणून आई गेला आठवडाभर बोअरचं पितायत. मला आज कळलं. मी ओरडले तर म्हणाल्या, मला सवय आहे." मला तेव्हाही मासेच दिसत होते. त्या रात्री दोन गेले, त्यातला एक मॉनिटर.

सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर आई पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी उभी. हातात रिकामा तांब्या. पिंपापासून दोन हात लांब. मला वाटलं गुडघा दुखतोय. म्हटलं, "काय झालं? घे ना पाणी."

"तू वाढ," ती म्हणाली. "वरून ओत."

"का?"

"हात लावायचा नाही म्हणालास ना."

"अगं, मी टँकबद्दल म्हणालो!"

"आमच्या आईलाही ते फक्त विहिरीबद्दलच म्हणायचे," आई म्हणाली.

तिने आवाज चढवला नाही. वर्गात धडा सांगावा तसं सांगितलं. तिचं गाव तिकडे वऱ्हाडात. दीक्षा घेण्याच्या आधीचे दिवस. गावची विहीर दगडी, बांधीव, पाणी गोड. आजी घागर घेऊन विहिरीपासून लांब उन्हात बसायची, पाच-सहा वर्षांची आई तिच्या पदराशी. पाणी भरायला येणाऱ्यांपैकी कुणाला दया आली तर ते लांबूनच घागरीत ओतायचे. नाही आली तर नाल्यात झरा खणून गढूळ पाणी घ्यायचं. "एकदा मी बादलीला हात लावला," आई म्हणाली. "मला तहान लागली होती. तेव्हा जो माणूस आमच्या आईवर ओरडला ना, काल तू अगदी त्याच्यासारखा ओरडलास. शब्द पण तेच. मी म्हटलं, काऊन रे बाबा, तू इथे कसा आलास? माझ्या पोराच्या घरात?"

मी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि पिंपात बुडवला.

"आणि मासे मेले त्याचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस," ती म्हणाली. "रोज पंचशील म्हणते मी. दोन जीव गेले माझ्या हातून." आता मात्र तिचे डोळे भरले. मी पाणी दिलं. तिने ओंजळ पुढे केली नाही, तेवढी दया तिने माझ्यावर केली. तांब्या धरला.

आम्ही दोघं ऑफिसातून परत आलो तेव्हा पलंगाखाली बॅग नव्हती. दुखऱ्या गुडघ्याने दोन बस बदलून ती विश्रांतवाडीला गेली होती. स्वयंपाक करून, झाकून. डाळ बोअरच्या पाण्यातली होती. तिने गोड्या पाण्याला शेवटपर्यंत हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलोच नाही. नोकरी जायची तर जाऊ दे. तिच्या दाराशी उभा राहिलो, तिने दार उघडलं, आत गेली आणि पेला भरून पाणी माझ्या हातात दिलं. "आधी पाणी घे. उन्हातून आलायस." तो पेला हातात धरून मी रडलो. चांगला बाप्या माणूस, उंबऱ्यात उभा राहून, शेजारीपाजारी बघतायत. "आई, चुकलो."

"चूक कळली की पाठ केलीस?"

"कळली."

"मला बोललास त्याचं काही नाही रे. आई-बापाला पोरं बोलतात. पण ते वाक्य तुझ्या तोंडात इतकं सहज आलं कुठून, हे मी कालपासून शोधतेय." ती खाली बसली, गुडघा चोळायला लागली. "चूक माझीपण आहे. तुला काही सांगितलंच नाही कधी. म्हटलं, कशाला पोराच्या डोक्यात भरायचं, त्याला सरळ चालू दे. तुला वाटलं पाणी म्हणजे नळ फिरवला की येतं."

मग मी तिला ऑफिसचं सगळं सांगितलं. बेंच, शुक्रवार, लग्न ठरलेला तो मुलगा. आणि मग ते तळंही सांगितलं. तिथे दगडच दगड आहेत, पाण्यात दगड विरघळतो, म्हणून पाणी जड, आणि हे मासे हजारो वर्षं त्याच पाण्यात वाढले, गोड्या पाण्यात त्यांचा श्वास कोंडतो. तिने नीट ऐकलं, मधे दोन प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. "मग हे आधी असं सांगायचं," ती म्हणाली. "नुसतं 'त्यांना हेच आवडतं' म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार?" मी घरी चल म्हटलं. ती म्हणाली, "बघू."

ते "बघू" सहा आठवडे चाललं. दर रविवारी मी जायचो. तिला विहारात सोडायचो, बाहेर गाडीत बसून राहायचो, परत घरी सोडायचो. घरी चल म्हणायची हिंमत दर खेपेला कमी होत गेली. पाचव्या रविवारी तिने विचारलं, "कॅन नाही आणलेस? गेल्या वेळीही नव्हते."

"आता आणत नाही. घरात एकच पाणी. आम्हीही बोअरचंच पितो."

तिने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा! तू मासा आहेस का? डाळ कशी शिजते मग?"

"नाही शिजत."

"मग?"

"तशीच खातो."

ती हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "सूनबाईचे हाल का करतोस? तिने काय घोडं मारलंय? पुढच्या रविवारी कॅन घेऊन ये." मी बरं म्हटलं. नोकरी तेवढ्यात वाचली होती, कुठल्याशा विमा कंपनीचं काम आलं होतं, पण त्या रविवारी मला जे हलकं वाटलं ते नोकरी वाचल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी कॅन भरले आणि वर आलो, तर आई साडी बदलून दाराला कुलूप लावत होती. हातात बॅग. गाडीत एकही शब्द बोललो नाही, न जाणो, तिचं मन बदलायचं. संगमवाडीचा पूल, डेक्कन, दांडेकर पूल, सिंहगड रस्ता, मी इतकी सावकाश गाडी पुण्यात पुन्हा कधी चालवलेली नाही. मागे सहा कॅन डुचमळत होते.

घरी आल्यावर ती आधी टँकपाशी गेली. चार मासे उरले होते, पुन्हा पिवळेधमक. ती उभी राहून बघत होती, हात पाठीमागे बांधून. शाळेच्या तपासणीला आलेल्या बाईंसारखी. मी बोअरचं पाणी भरलेली बादली आणून तिच्या पायाशी ठेवली.

"आई, आज पाणी बदलायचा दिवस आहे. वाळूही साफ करायचीय. तू कर."

"मी?"

"तूच. मला नीट जमत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आईने पदर कमरेला खोचला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या, आणि दोन्ही हात सावकाश त्या पाण्यात घातले. मासे आधी दगडामागे पळाले. मग एक बाहेर आला. मग ती मादी आली, अंडी टाकलेली. तिने आईच्या बोटांभोवती एक चक्कर मारली आणि अंगठ्याला तोंड लावून लुचायला लागली. मग बाकीचेही आले. चारही मासे आईच्या हातांवर, बोटांच्या पेरांवर, मनगटावर, चुटुचुटु तोंड लावत होते, आणि आई हात न हलवता उभी होती.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"बघ. यांना चालतं."